कुठून आलीस?

इथल्या वाऱ्याला नाव आहे. हेल्म.
पेनरिथच्या दुकानात औषधं न्यायला येणारे म्हातारे
जावयाबद्दल बोलावं तसं त्याच्याबद्दल बोलतात:
आलाय. आता तीन दिवस हलायचा नाही.
क्रॉस फेलच्या माथ्यावर एक लांब ढग आडवा पडतो,
मानेखाली लोड घ्यावा तसा,
आणि त्याच्या बुडाखालून वारा उतारावर सुटतो.

त्या दिवशी मी कर्कलंडहून चढत होते.
पाठीवर थर्मास, दोन थालीपिठं, नकाशा.
नकाशा उघडला तसा मधोमध फाटला,
अर्धा माझ्या हातात,
अर्धा ईडनच्या खोऱ्याकडे निघून गेला.
गवत सगळं एका कुशीवर निजलेलं.
डोळ्यांतलं पाणी गालांवर न उतरता
थेट कानांत जात होतं.

दगडी भिंतीच्या भगदाडापाशी ती उभी होती.
पुरुषी कोट, कमरेला निळी सुतळी, पायाशी कुत्रा.
एनिड टॅलंटायर, हे नंतर कळलं.
हात मात्र ओळखीचे वाटले,
असल्या भेगांना मी रोज मलम देते.

ओरडून तिनं विचारलं, "कुठून आलीस?"

हा प्रश्न मला अकरा वर्षं माहीत आहे.
त्याची उत्तरं मी घडी घालून ठेवलेली असतात.
पेनरिथ, हे पहिलं.
नाही, त्याच्या आधी, म्हणाले तर लेस्टर.
नाही, मुळात, म्हणाले, की मग भारत.
एवढ्या वाऱ्यात एकेक घडी कोण उलगडणार?
मी सगळं एकदम ओरडून टाकलं:
पेनरिथ! लेस्टर! हर्णै! समुद्र!
वडिलांचा बर्फाचा कारखाना होता, आता बंद आहे!

ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. कुत्राही.
मग म्हणाली,
"बरं. पण कुठल्या फाटकातून?
खालचं उघडं राहिलंय.
माझ्या सात मेंढ्या बाहेर आहेत."

मला फाटक आठवलं. कडी आठवली.
कडी लावल्याचं आठवेना.
"मीच असेन," मी पुटपुटले,
आणि हे तेवढं तिला पहिल्या झटक्यात ऐकू गेलं.

रागावली नाही. रागवायला थांबावं लागतं.
पाणथळीच्या कडेला मला उभं केलं,
"काही करू नकोस. नुसती रुंद हो."
मी हात पसरले. जाकीट शिडासारखं भरलं.
आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला
रुंद हो म्हणून सांगत होतं.
मॉसनं सहा आणल्या.
सातवी माझ्यासमोर येऊन थांबली,
पिवळ्या आडव्या डोळ्यांनी मला नीट पाहिलं,
आणि वळली.

भिंतीच्या आडोशाला चहा.
थालीपिठाचा तिनं आधी वास घेतला.
"ह्यात बोचतंय काय?"
मिरची.
नाक पुसून तिनं दुसरंही घेतलं.
आणि मग, सावकाश:
"तुमच्याकडच्या वाऱ्याला नाव आहे?"
मतलई, मी म्हणाले. रात्री जमिनीकडून सुटतो,
पहाटेच्या आधी होड्या बाहेर काढतो.
"मॅट-लाय."
शब्द तिनं दाढेखाली धरून पाहिला.
"बरा आहे तुमचा. कामाला तरी येतो.
आमचा नुसता ढकलतो."
थोड्या वेळानं म्हणाली, मुलगा न्यूझीलंडात आहे.
तिथंही मेंढ्याच कातरतो.

फाटकाशी तिनं सुतळीची गाठ दोनदा दाखवली.
मला तिसऱ्यांदा जमली.
आभार वगैरे झाले नाहीत.

कर्कलंडच्या अलीकडे एका ओढ्याशी वारा संपतो.
उंबरठ्यासारखा. पलीकडे पान हलत नाही.
मी बरीच पुढं आले होते.
दारापुढं मोटार धुणारा एक माणूस
हातातला स्पंज तसाच धरून बघत राहिला:
सपाट, कोरड्या, निवांत रस्त्यावर
मी अजून टाचा रोवत,
मागं रेलून चालत होते.